काळी की मधाळ

३ मार्च, सोमवार

दोन्ही गिटारी घरी आणल्या! सोफ्यावर शेजारी शेजारी बसल्यात आणि मी खाली जमिनीवर. घरात आता बसायला जागा नाही.

दाढीवाला दुकानदार म्हणाला, "ताई, दोन्ही न्या. महिनाअखेरपर्यंत वाजवा, एक परत आणा. माझं अर्धं गिऱ्हाईक तुम्हीच शिकवून पाठवलंय, तुमच्यावर विश्वास नाही ठेवणार तर कुणावर?" मी लगेच हो म्हणाले. त्याचं मन बदलायच्या आत रिक्षा बोलावली.

तर — एक काळी, एक मधाच्या रंगाची. घाट अगदी तोच. जाड अंग, वरची फळी फुगीर, एका बाजूचा खांदा कापलेला. तारांचा आवाज पकडणारे दोन-दोन पिकअप, चार-चार बटणं. काळी मोठ्या जुन्या कंपनीची. मधाळ एका माणसाने एकट्याने आपल्या वर्कशॉपमध्ये बनवलेली. किमती दोन्हींच्या धडकी भरवणाऱ्या आणि जवळजवळ सारख्याच, म्हणजे तिथूनही मदत नाही.

माझी जुनी स्टेजवरून पडली तेव्हाच तिची मान मोडली होती. चिकटवून घेतली, पण आता दोन गाणी झाली की सूर सोडते. शनिवारी हॉटेलात वाजवते तिथे लोक जेवणात गुंतलेले असतात, त्यांना चालतं. आमच्या पियानोवाल्याला चालत नाही. तो नुसता बघतो. त्याच्या त्या बघण्याला कंटाळूनच हे सगळं चाललंय.

दाढीवाल्याने स्वतः वाजवून दाखवल्या नाहीत. बोट दारात चिमटलंय त्याचं, हे एवढं पट्टीत गुंडाळलेलं. नुसतं तोंडाने वर्णन. "काळी खणखणीत, मधाळ एकदम मऊ. डोळे मिटून ओळखाल तुम्ही!" मी मान हलवली.

नवऱ्याला विचारलं, कुठली? कारखान्यातून नुकताच आला होता, केसांत लाकडाचा भुसा. (दारं-खिडक्या बनवतो. त्यामुळे कुठलीही वस्तू दिली की आधी ठोकून बघतो.) दोघींच्या पाठीवरून हात फिरवला, बोटाच्या पेराने ठोकलं. "लाकूड चांगलं आहे."

अरे, पण वाजतात कशा? दोन्ही वाजवल्या त्याच्यासमोर. आधी काळी, मग मधाळ.

"दोन्ही छान."

झालं! पडदे घ्यायला गेलो, दोन्ही छान. घर बघायला गेलो, दोन्ही छान. मुलाच्या दोन्ही शाळा छान. आता मुलगा परदेशात नोकरीला लागला तरी ह्याचं आपलं तेच. या माणसासमोर मी हात टेकलेत.


४ मार्च, मंगळवार

नणंद राहायला आली. तिच्या घराचं रंगकाम चाललंय. दारातूनच तिचा तो घोगरा आवाज — "वहिनी, पंधरा दिवस छळणार आहे तुला!" मला आवडते ती. बोलते फार, पण भांडी घासून ठेवते.


६ मार्च, गुरुवार

सकाळपासून शिकवणीच्या मुलांच्या मधल्या वेळात दोघींना आलटून पालटून वाजवतेय.

मला फरक कळत नाहीये.

लिहून बघितलं, तरी तसंच आहे. काळी वाजवली — छान. मधाळ वाजवली — छान. कुठे खणखणीत, कुठे मऊ? इंटरनेटवर लोक लिहितात की जमीन-अस्मानाचा फरक आहे. मला नखाएवढाही दिसत नाही.

दमले असेन.


७ मार्च, शुक्रवार

दमलेली नव्हते. पुन्हा तेच.

दाढीवाल्याचा फोन. "काय मग? काळी कशी कान उघडते ना!" मी म्हटलं, हो हो, काय विचारता! फोन ठेवला आणि पुन्हा दोघींना घेऊन बसले.


८ मार्च, शनिवार

हॉटेलात जुनीच नेली. या दोघींपैकी एखादी नेली आणि पियानोवाल्याने विचारलं की हिचा आवाज कसा आहे, तर काय सांगू? कार्यक्रम संपल्यावर डाव्या कानात बारीक शिट्टी. घरी येईपर्यंत होती. नेहमी होते का ही? कधी लक्षच दिलं नाही. आता दिलं तर थांबता थांबेना.

खरं काय ते लिहूनच टाकते, इथे कुणाची भीती आहे? बाबांचं झालं तेच माझं होणार, याची भीती वाटतेय.

बाबा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. पन्नाशीत कान गेले. एकदम नाही, वरचे बारीक आवाज आधी. एका कार्यक्रमात एक सूर चुकला तो सगळ्यांना कळला, त्यांना नाही. घरी आल्यावर कुणीतरी सांगितलं. त्यानंतर त्यांनी ट्रम्पेट केसमधून बाहेर काढला नाही. मग ते फक्त आमच्याकडे बघून हसायचे, आम्ही काय बोलतोय ते न कळता. मला ते हसणं सहन व्हायचं नाही.

मी एक्कावन्न वर्षांची आहे. कान गेले तर मी काय करणार? दुसरं काही येत नाही मला. स्वयंपाकसुद्धा बेताचा.


९ मार्च, रविवार

नणंद आणि तिचा दादा सकाळी चहावर तासभर बोलत होते. राजकारण, रंगाचे डबे, लहानपणीचा कुत्रा. हा चक्क पूर्ण वाक्यं बोलत होता! हसत होता! मी काही विचारलं की "हं." बहिणीने विचारलं की परिच्छेद.

मत्सर वाटला. नणंदेचा! या वयात!

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "मला कान तपासायला जायचंय, येशील का रे सोबत?" उत्तर नाही. बाहेर येऊन पुन्हा म्हटलं, तर माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "जाऊ की. पण तुला काय झालंय?" काही नाही म्हटलं. ऐकायचंच नसेल तर किती वेळा ओरडायचं माणसाने?


१० मार्च, सोमवार

परवाची वेळ मिळाली. नणंदेला सांगितलं नाही. तिला सांगितलं म्हणजे गावजेवणाचं आमंत्रण दिल्यासारखं.


११ मार्च, मंगळवार

काळी. मधाळ. काळी. मधाळ. शेजारीण विचारायला आली, तेच तेच काय वाजवताय?

म्हणजे तिलाही तेच तेच वाटतंय? की ती नुसती वैतागली होती? विचारायची हिंमत झाली नाही.


१२ मार्च, बुधवार

हुश्श!!!

कान ठणठणीत आहेत माझे! ठण-ठणीत!

एका काचेच्या खोक्यात बसवलं मला. कानावर जाड हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. आधी ढोबळ आवाज, मग बारीक, मग इतके बारीक की ते खरंच वाजले की मी मनाने वाजवले, कळेना. काचेपलीकडे ती कान तपासणारी मुलगी मान खाली घालून टिपत होती, आणि मी तिच्या भुवया वाचत होते.

बाहेर बोलावून कागद समोर धरला. "ताई, तुमच्या वयाच्या मानाने फार सुंदर कान आहेत. डाव्याला अगदी थोडंसं कमी, तेवढं चालतं. शिट्टी वाजते म्हणालात, तर कार्यक्रमात बोळे घालत जा." सुंदर कान! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला सुंदर काहीतरी आहे असं लेखी दिलं. तिच्या टेबलावरच मी रडले. तिने टिश्यूचा डबा सरकवला. तिला सवय असावी.

बाहेर हा बसला होता. ती मास्क लावून माझ्यामागून आली आणि ह्याला म्हणाली, "काका, फार वेळ बसावं लागलं ना तुम्हाला?" हा हसून म्हणाला, "हो, हो." तिने पुन्हा काहीतरी विचारलं. पुन्हा हसून "हो, हो." मग मास्क खाली करून म्हणाली, "आलाच आहात तर तुम्हीही बसता का आत पाच मिनिटं?"

"मला काय झालंय?" म्हणाला आणि गाडी काढायला निघून गेला. किती तुसडेपणा! मी मात्र इतक्या आनंदात होते की घरापर्यंत गात आले.


१३ मार्च, गुरुवार

जीव भांड्यात पडला, आता नवीन डोकेदुखी. कान चांगले आहेत, तर मग फरक का कळत नाही? दाढीवाल्याने मला बनवलं का? दोघींच्या पोटात एकच तारांचं जंजाळ घातलं का? पण तो तसा माणूस नाही.


१५ मार्च, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते. घाईने लिहिलं तर सुटेल काहीतरी.

दुपारी नणंद सोफ्याच्या हातावर बसून माझं वाजवणं बघत होती. ऐकत नव्हती, बघत होती. तिला गाण्यातलं शून्य कळतं, ती स्वतःच सांगते. थोड्या वेळाने म्हणाली, "वहिनी, एक विचारू? तू गिटार मांडीवर घेतलीस की आधी ती बटणं का फिरवतेस?"

कुठली बटणं?

"ही खालची. काळी घेतलीस की असं मागे फिरवतेस. ती पिवळी घेतलीस की पुढे. आणि मग त्या पेटीचं पण काहीतरी करतेस. आमटी चाखायच्या आधीच मीठ घालणाऱ्या बायका असतात ना, तशी."

मी हसले. म्हटलं, काहीतरीच! मग काळी उचलली, आणि खरंच — करंगळी आपोआप टोनच्या बटणावर! मी काही ठरवलं नव्हतं, करंगळीने ठरवलं होतं. काळीचा कडकपणा काढून टाकायचा. मधाळला थोडी धार द्यायची. दोघींना ओढून-ताणून माझ्या जुन्या गिटारीच्या आवाजावर आणून ठेवायचं आणि मग म्हणायचं, अगंबाई, सारख्याच की या!

तीस वर्षं दर शनिवारी वेगवेगळ्या हॉलमध्ये, वेगवेगळ्या अॅम्पवर (तीच ती आवाजाची पेटी) वाजवायचं म्हणजे हेच तर काम असतं. काहीही हातात आलं तरी पहिल्या मिनिटात ते आपल्यासारखं करून घ्यायचं. पियानोवाल्याला पियानो बदलता येत नाही, तो ऐकतो. मी ऐकायच्या आधी बदलते. आठवडाभर मी बाबांच्या आठवणीने अर्धी झाले, आणि कारण काय, तर माझी स्वतःची करंगळी!

नणंद म्हणाली, "थांब." आत गेली आणि रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी घेऊन आली. तिच्या पर्समध्ये असते सध्या. दोन्ही गिटारींची सगळी बटणं पूर्ण उघडली आणि वर पट्ट्या चिकटवल्या. अॅम्पलाही. लाख-लाख रुपयांची वाद्यं जखमी सैनिकांसारखी दिसायला लागली.

"वाजव आता."

काळी वाजवली. अरे देवा! काच फुटावी तशी! मधाळ वाजवली, तेच गाणं, तेच बोट, आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा उबदार. पुन्हा काळी. पुन्हा मधाळ. नणंद किंचाळली, "मलासुद्धा कळतंय गं!" मीही किंचाळले. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो.

हा खिडकीपाशी पेपर वाचत होता. मी काळी वाजवली, मधाळ वाजवली, आणि त्याच्याकडे वळून विचारलं, "काय रे? आता तरी कळला ना फरक?"

त्याने पेपर खाली केला. माझ्या तोंडाकडे बघितलं. मग बहिणीकडे. आम्ही दोघी हसतोय हे त्याने पाहिलं, आणि तोही हसला.

"दोन्ही छान," म्हणाला.

ते हसणं! मी ओळखते ते हसणं. लहानपणी रोज जेवायच्या टेबलावर पाहिलंय.

नणंदेचा आवाज पहिल्यांदा हळू झाला. "दादा, तुला ऐकू येत नाही का रे हे?"

त्याने पेपराची घडी घातली, पुन्हा घातली, अगदी लहान केली. "तुझं येतं," तिला म्हणाला. "तुझा आवाज जाड आहे." मग माझ्याकडे न बघता, "हिचं अर्धं जातं. तोंड दिसलं की भरून काढतो."


१६ मार्च, रविवार

सगळं बाहेर आलं. कारखान्यातल्या करवती, रंधा मारायची मशीन. तरुणपणी कानाला काही लावायचे नाहीत, लावणाऱ्याची चेष्टा करायचे. काही वर्षांपासून बारीक आवाज जात चाललेत हे त्याला माहीत होतं. सांगितलं का नाही?

"तुझं सगळं आयुष्य आवाजात. त्यात मी तुला काय सांगू?"

शनिवारी ऐकायला यायचं त्याने सोडलं. मला वाटायचं, कंटाळला. म्हणाला, "येऊन काय करू? लोक टाळ्या वाजवायला लागले की मीही वाजवायचो. एकदा मधेच वाजवल्या, तेव्हापासून नको वाटलं."

आठवतं मला ते! गाण्याच्या मध्यात एकट्याच्या टाळ्या. मी घरी येऊन चेष्टा केली होती.

राग आला खूप. मग गच्चीवर कपडे वाळत घालताना एकदम लक्षात आलं — म्हणजे ह्याला ऐकायचं नव्हतं असं नाही. ऐकू येत नव्हतं! सगळी ती "हं", ती "दोन्ही छान", पाठीमागून विचारलेल्या प्रश्नांना न मिळालेली उत्तरं... मी इतकी वर्षं मनात काय-काय ठरवून बसले होते. आणि हा बिचारा माझं तोंड वाचत होता. रोज. लक्ष देऊन.

नवऱ्याचे कान गेले म्हणून बायकोला हलकं वाटावं? वाटलं. ओल्या चादरीत तोंड खुपसून रडले आणि हलकी झाले. कुणाला सांगण्यासारखं नाही हे. म्हणून इथे.

खाली येऊन त्याच्या समोर जाऊन, उजेडात उभी राहून म्हटलं, "परवा तपासायला जाऊ या." म्हणाला, "तिने मास्क काढला पाहिजे."


१८ मार्च, मंगळवार

काचेच्या खोक्यात आज तो. मी बाहेर. मला त्याचा बटण धरलेला अंगठा दिसत होता. सुरुवातीला सारखा दाबत होता. मग थांबला आणि बराच वेळ दाबलाच नाही. ती मुलगी टिपतच होती, म्हणजे आवाज चालूच असणार. मी काचेला नाक लावून उभी होते.

त्याच्या कागदावरची रेघ अर्ध्यापर्यंत बरी जाते आणि मग जिन्यावरून पडल्यासारखी खाली. "जाड आवाज चांगले येतात काकांना. बारीक आवाज, बायकांची बोलणी, पक्षी, हे गेलंय. यंत्राने बरंच परत मिळेल. आधी टोचेल कानाला, मग मेंदूला सवय होते."

हा म्हणाला, "म्हणजे बहिणीचं ऐकू येतं आणि बायकोचं येत नाही, हे डॉक्टरी आहे. चला!" ती हसली. मीही. किती दिवसांनी विनोद केला ह्याने!


२१ मार्च, शुक्रवार

नणंद गेली. जाताना चिकटपट्टी ठेवून गेली — "पुन्हा करंगळी वळवळली तर लाव."

मी ठरवलं आहे. काळी. मऊ आवाज मी आयुष्यभर काढला, आता जरा काचा फोडाव्यात. पट्ट्या लावून आठवडाभर वाजवली, मनात शंका नाही. दाढीवाल्याला फोन केला, पुढच्या शनिवारी मधाळ घेऊन जा. निर्णय झाला. केवढं ओझं उतरलं!


२६ मार्च, बुधवार

यंत्रं आली. दोन्ही कानांच्या मागे, केसांत दिसतसुद्धा नाहीत.

घरी आल्यापासून हा माणूस वेड लागल्यासारखा फिरतोय. "फ्रीज असा किरकिरतो?" "पेपर एवढा वाजतो?" शर्टाची बाही चोळून बघितली. नळ उघडला, बंद केला, उघडला. मग मी जिन्यावरून खाली येत होते तर खाली उभा — "तू जिना उतरताना गुणगुणतेस?"

लग्नाच्या आधीपासून, म्हटलं.

"पुन्हा जाऊन उतर."

तीनदा वर-खाली केलं मी. गुडघे दुखतायत.


२८ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी म्हणाला, "वाजव. दोन्ही." म्हटलं, आता काय उपयोग, काळी ठरली. "तरी वाजव."

पट्ट्या तपासल्या. काळी वाजवली. मग मधाळ. तो खुर्चीत पुढे झुकून बसला होता, आणि माझ्या तोंडाकडे नाही — डोळे मिटलेले होते! मला कसंतरीच झालं. पुन्हा काळी, पुन्हा मधाळ.

डोळे उघडून म्हणाला, "काळी? छे! सुई टोचल्यासारखी वाजते. अजिबात घेऊ नकोस. मधाळ घे."

मी म्हटलं, तुला काय कळतंय, यंत्र नवीन आहे म्हणून टोचतंय. तो म्हणाला, यंत्राचा काय संबंध, मला मऊ आवडते. मी म्हटलं, वाजवणारी मी आहे. तो म्हणाला, ऐकणारा मी आहे. एकमेकांवर ओरडलो आम्ही! शेजारणीने खिडकी लावून घेतली.


२९ मार्च, शनिवार

दाढीवाला मधाळ न्यायला आला. त्याला चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवला. म्हटलं, थोडं थांबा अजून — आमच्या घरात दोन मतं आहेत.